हळद, कायनेज आणि दोन हट्टी माणसं

एमएस्सीच्या एका विद्यार्थिनीनं प्रकल्पासाठी प्रश्न स्वतःच आणला: हळदीतलं कर्क्यूमिन कायनेजला अडवतं का? ऐकायला सरळ आहे. कर्क्यूमिननं अमुक कायनेज अडवलं, तमुक अडवलं असं सांगणारे शोधनिबंध पोत्यानं सापडतात. त्यातून मंजूर झालेलं औषध मात्र एकही नाही. असं का झालं, याचं बरंचसं उत्तर चाचणीच्या आखणीत आहे. प्रयोगशाळेत तिला सगळे 'अ‍ॅसे'च म्हणतात.

मी दोन जुन्या वर्गमित्रांना कॉलेजात बोलावलं. दोघांची उमेदीची वर्षं कायनेजांमागे गेली आहेत आणि दोघांचं एकमेकांशी कधी पटलेलं नाही. एकाचा भरवसा शुद्ध केलेल्या एन्झाइमवर, दुसरीचा जिवंत पेशीवर. इथे त्यांना एन्झाइमवाला आणि पेशीवाली एवढंच म्हणते. नवख्यांसाठी इतकंच: एटीपीच्या तीन फॉस्फेटांपैकी शेवटचं काढून ते दुसऱ्या प्रथिनावर, त्यातल्या सेरीन, थ्रिओनिन किंवा टायरोसिनवर नेऊन बसवणारं एन्झाइम म्हणजे प्रोटीन कायनेज. माणसात अशी ५१८ कायनेजं असल्याची मोजदाद २००२ मध्ये प्रसिद्ध झाली. पेशीनं वाढायचं की थांबायचं, हे बऱ्याचदा या फॉस्फेटवर ठरतं, म्हणून कॅन्सरवर औषध शोधणारे कायनेजांच्या मागे लागलेले असतात.

एन्झाइमवाला: आधी कायनेज कुठलं ते ठरव. नुसतं 'कायनेजला अडवतं का' याला काही अर्थ नाही.

विद्यार्थिनी: सर, फॉस्फोरिलेज कायनेज घेऊ? कर्क्यूमिन त्याला निवडकपणे अडवतं, असा १९९४ चा निबंध आहे.

एन्झाइमवाला: वाचून आलीस, बरं झालं. पण ते चार प्रकारचे उपघटक, प्रत्येकी चार, असं सोळा तुकड्यांचं धूड आहे. तुझ्या मुदतीत हाताला लागायचं नाही. एबल हे कायनेज घे. त्याचा क्रियाशील भाग सुटा विकत मिळतो आणि त्याला अडवणारं इमॅटिनिब हे औषध सगळ्या जगाला पाठ आहे. तुझ्या प्लेटमध्ये इमॅटिनिब चाललं नाही, तर दोष प्लेटचा आहे हे लगेच कळेल.

पेशीवाली: फॉस्फोरिलेज कायनेजचं नाव निघालंच आहे तर हिला गाळणकागदाची गोष्ट सांग की. नाही सांगणार? मी सांगते. १९५० च्या दशकात सिएटलला एडविन क्रेब्ज आणि एडमंड फिशर सशाच्या स्नायूतलं फॉस्फोरिलेज काढत होते. कोरी पतिपत्नींच्या पद्धतीत अर्क कागदातून गाळायचे आणि हाती क्रियाशील रूप लागायचं. या दोघांनी गाळण्याऐवजी तो सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवला, तर मिळालं निष्क्रिय रूप. डोकं खाजवल्यावर कळलं की कागदातलं कॅल्शियम अर्कात उतरत होतं आणि फॉस्फोरिलेजला क्रियाशील करणाऱ्या कायनेजला तेच जागं करत होतं. पुढे १९९२ मध्ये दोघांना नोबेल मिळालं. तुमच्या शास्त्राची सुरुवातच कागदातल्या मळापासून, आणि वर म्हणायचं शुद्ध एन्झाइम!

एन्झाइमवाला: मळ होता हे कळलं कशानं? एक वस्तू काढून पाहिली, परत घालून पाहिली. पेशीत तुला हे असं करता येत नाही, म्हणून मी पेशीत शिरत नाही. बरं, आता मोजायचं काय ते बघू. फॉस्फेट एटीपीवरून निघून पेप्टाइडवर, म्हणजे प्रथिनाऐवजी घातलेल्या छोट्या तुकड्यावर, बसतं. म्हणजे एकतर पेप्टाइडवर बसलेलं फॉस्फेट मोज, नाहीतर मागे उरलेलं एडीपी मोज. माझ्या मते अजूनही खरं मोजमाप किरणोत्सारी फॉस्फरसचंच.

इथे गडी रंगात आला. एटीपीच्या शेवटच्या फॉस्फेटमध्ये फॉस्फरस-३२ घातलेला असतो. प्रतिक्रिया झाली की तिचा थेंब फॉस्फोसेल्युलोजच्या कागदावर, ज्याला सगळे पी८१ म्हणतात, त्याच्या बोटभर तुकड्यावर टाकायचा. मग ते तुकडे सौम्य फॉस्फोरिक आम्लात पुन्हा पुन्हा धुवायचे. आम्लात धनभार बाळगणारं पेप्टाइड कागदाच्या ऋणभाराला धरून राहतं आणि न वापरलेलं एटीपी पाण्याबरोबर निघून जातं. शेवटी अ‍ॅसिटोनमधून काढून वाळवायचं आणि कागद मोजणीयंत्रात टाकायचा. एबलसाठी नेहमी वापरतात त्या पेप्टाइडच्या शेपटाला तीन लायसिन जोडलेली असतात. एबलला त्यांची गरज नाही. ती कागदासाठी आहेत.

एन्झाइमवाला: या पद्धतीचा गुण असा की तू खुद्द ते फॉस्फेट मोजतेस. मध्ये ना अँटिबॉडी, ना दुसरं एन्झाइम, ना रंग.

पेशीवाली: आणि अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी कोण आणणार? अ‍ॅक्रिलिकच्या आडोशामागे कोण बसणार? आपण शिकत होतो तेव्हा हैदराबादच्या 'जोनाकी' केंद्रातून माल यायचा आणि चौदा दिवसांत निम्मा विझायचा. पार्सल दिवाळीच्या सुट्टीत येऊन पडलं की संपलं. या कॉलेजात ते होणे नाही. एडीपी मोजा.

एन्झाइमवाला: मोजा. पण मग काय होतं ते हिला माहीत हवं. प्रतिक्रिया थांबवायची, उरलेलं एटीपी नष्ट करायचं, तयार झालेल्या एडीपीचं परत एटीपी करायचं आणि ते काजव्याच्या ल्युसिफरेजला द्यायचं. जितका उजेड तितकं एडीपी. आता यात किती एन्झाइमं आली मोज. कर्क्यूमिननं ल्युसिफरेजला अडवलं तरी उजेड कमी होणार आणि ही वहीत लिहिणार, 'कायनेज अडलं.'

विद्यार्थिनी: मग ते ओळखायचं कसं?

एन्झाइमवाला: प्लेटच्या काही वेलमध्ये, म्हणजे खळग्यांमध्ये, कायनेज घालूच नकोस. त्यात मोजून एडीपी घाल, वर कर्क्यूमिन घाल, पुढचं सगळं तसंच कर. इथेही उजेड पडला नाही, तर कायनेजचा काही संबंध नाही. आणि काही वेलमध्ये पेप्टाइड सोडून सगळं घाल. तिथे एडीपी दिसलं, तर ते पेप्टाइडवर काम न करता एटीपी तोडणाऱ्या दुसऱ्या कशाचं तरी आहे.

पेशीवाली: रंगाचं विसरलास. चुना पडला की हळद लाल होते, त्यावर आपल्याकडे कुंकू बनतं. कर्क्यूमिनचा रंग पीएचवर हलतो, निळा प्रकाश ते गिळतं आणि वर स्वतः हिरवट चमकतं. फ्लुओरेसन्सच्या पद्धतीनं मोजायला गेलं तर मोजणार काय, एबल की हळद?

एन्झाइमवाला: म्हणून तर ती पद्धत मी काढलीच नाही. तरी एक सांगतो, टर्बियम किंवा युरोपियम वापरणाऱ्या पद्धतीत दिवा मारल्यावर क्षणभर थांबून मोजतात, तोवर असल्या रेणूंची चमक विझलेली असते. पण गिळलेला प्रकाश थांबल्यानं परत मिळत नाही.

एवढ्या वेळात एबल, पेप्टाइड आणि एटीपी एका वेलमध्ये आलं होतं, पण किती घालायचं हे कोणी बोललं नव्हतं. माझ्या अनुभवात बहुतेक अ‍ॅसे इथे बिघडतात, आणि बिघडल्याचं कळतही नाही, कारण आकडा कुठला ना कुठला येतोच.

एन्झाइमवाला: पहिले काही आठवडे कर्क्यूमिनची बाटली उघडायची नाही. नुसतं एबल. कमी एन्झाइम, जास्त एन्झाइम. पाच मिनिटं, दहा, वीस, चाळीस. वेळेबरोबर एडीपी सरळ रेषेत वाढतं तेवढाच पट्टा आपला. साधारण दहा टक्क्यांहून जास्त एटीपी किंवा पेप्टाइड संपू द्यायचं नाही. त्यापुढे वेग आपोआप मंदावतो आणि मग अर्धवट अडवणारा रेणू काहीच न करणाऱ्यासारखा दिसतो.

विद्यार्थिनी: दहा मायक्रोमोलर एटीपी घातलं, तर एडीपी एकच मायक्रोमोलर होऊ द्यायचं?

एन्झाइमवाला: बरोबर. तेवढं एडीपी पार्श्वभूमीवर उठून दिसलं पाहिजे, नाहीतर पद्धत बदल. रिकाम्या आणि पूर्ण चालणाऱ्या वेलमधला फरक त्यांच्या चढउतारापेक्षा किती मोठा आहे, त्यासाठी १९९९ पासून झेड-प्राइम नावाचं गणित वापरतात. अर्ध्याच्या वर आलं की चालू लाग.

पेशीवाली: दहा मायक्रोमोलर एटीपी! पेशीत एक ते पाच मिलिमोलर असतं. तू शंभरपटीनं दुष्काळ पाडतोस आणि मग म्हणतोस, हा रेणू जोरदार आहे.

एन्झाइमवाला: दुष्काळ मुद्दाम पाडतो. एटीपीच्या खोबणीत शिरणारा रेणू एटीपीशी झगडतो. एटीपी केएमच्या, म्हणजे एन्झाइम निम्म्या वेगानं चालतं त्या मात्रेच्या, आसपास ठेवलं, तर असाही रेणू दिसतो आणि दुसरीकडे बसणाराही. फळ्यावर ये. रेणूची पकड सांगणारा केआय दहा नॅनोमोलर, एटीपीचा केएम दहा मायक्रोमोलर धर. आयसी५० म्हणजे एन्झाइमचा वेग निम्मा करणारी रेणूची मात्रा. चेंग आणि प्रुसॉफचं १९७३ चं समीकरण: आयसी५० बरोबर केआय गुणिले (एक अधिक एटीपी भागिले केएम). एटीपी दहा मायक्रोमोलर, तर आयसी५० वीस नॅनोमोलर. एटीपी दोन मिलिमोलर, तर?

विद्यार्थिनी: एक अधिक दोनशे... दोन हजार दहा नॅनोमोलर. म्हणजे दोन मायक्रोमोलर!

पेशीवाली: एन्झाइम तेच, रेणू तोच, आकडा शंभरपट वेगळा. आणि निबंधाच्या सारांशात छापतात वीस नॅनोमोलर.

एन्झाइमवाला: छापणाऱ्यानं एटीपी किती ते लिहिलं नाही, तर दोष त्याचा. मला तर हा फरक हवाच आहे. दोन वेगळ्या एटीपीवर मोज. आयसी५० सरकला, तर रेणू एटीपीशी स्पर्धा करतोय. नाही सरकला, तर दुसरीकडे बसतोय, किंवा...

विद्यार्थिनी: त्या १९९४ च्या निबंधात स्पर्धा न करता अडवतं असंच म्हटलंय.

एन्झाइमवाला: ...किंवा तो बसतच नाहीये. माझं वाक्य पूर्ण होऊ दे. तेलकट रेणू पाण्यात दहा-वीस मायक्रोमोलरला पोचले की त्यांचे बारीक कोलॉइडी गोळे होतात. एन्झाइम त्या गोळ्यांवर चिकटून बसतं आणि निकामी होतं. दिसायला सुरेख वक्र मिळतो, एटीपी वाढवून तो हलत नाही आणि लोक 'स्पर्धा न करणारा' असं नाव देऊन मोकळे होतात. अमेरिकेत ब्रायन शॉइकेट यांच्या गटानं हे २००० नंतर नीट दाखवून दिलं. असे गोळे करणाऱ्यांच्या यादीत कर्क्यूमिनही आहे. तेव्हा प्रत्येक वक्र दोनदा: एकदा साधा, एकदा ०.०१ टक्का ट्रायटन एक्स-१०० घालून. साबणानं गोळे फुटतात. अडवणंही त्याबरोबर गेलं, तर तिथेच थांबायचं.

पेशीवाली: रेणू ज्यात विरघळवतो ते डीएमएसओ सगळ्या वेलमध्ये सारखं, हे सांगायला हवं का?

एन्झाइमवाला: सांगायलाच हवं. दरवर्षी कोणीतरी विसरतं.

आतापर्यंत तो पुढे होता. पेशीवालीनं चहाचा कप सरकवला आणि सावकाश सुरुवात केली.

पेशीवाली: तुझं एबल विकत घेतलंस ना? ते कुठल्या अवस्थेत आहे?

एन्झाइमवाला: म्हणजे?

पेशीवाली: म्हणजे काय ते तुला चांगलं ठाऊक आहे. एबलच्या वळणावरच्या टायरोसिनवर फॉस्फेट बसलेलं असलं की ते उघडतं आणि काम करतं. इमॅटिनिब मात्र बंद रूपाला धरतं. त्याचं चित्र २००० मध्ये स्फटिकात दिसलं. फॉस्फेट बसलेलं एबल विकत घेऊन तू इमॅटिनिब घातलंस, तर ते कमजोर दिसेल. मग ही म्हणेल, प्लेट बिघडली. शुद्ध आहे रे, पण शुद्ध काय आहे?

एन्झाइमवाला: बरोबर आहे. पुरवठादाराकडून लिहून घ्यायचं, आणि शक्य असेल तर फॉस्फेट उतरवलेलंही घ्यायचं. हा मुद्दा तुझा.

पेशीवाली: आणखी एक. कर्क्यूमिन तुझ्या बफरमध्ये टिकतं किती? पीएच ७.२, ३७ अंश, सीरम नाही: अर्ध्या तासात दहातले नऊ भाग गेलेले असतात, हे १९९७ पासून छापील आहे. तू तासभर प्रतिक्रिया चालवणार. म्हणजे हळदीच्या अवशेषांची चाचणी घेणार. माझ्या माध्यमात दहा टक्के सीरम असतं, त्यात ते कितीतरी जास्त टिकतं. आठ तासांनीही जवळपास निम्मं उरतं.

एन्झाइमवाला: टिकतं, कारण सीरममधल्या प्रथिनांना चिकटून बसतं. मग पेशीत मोकळं किती शिरतं?

पेशीवाली: ते मला माहीत असायची गरज नाही. पेशीत एबल अडलं की नाही, ते मी बघते. के५६२ पेशी घ्यायच्या. सत्तरच्या दशकात रक्ताच्या कॅन्सरच्या एका रुग्णाकडून आलेल्या. बीसीआर-एबल हे बिघडलेलं कायनेज त्यांना जगवतं. ते सीआरकेएल नावाच्या प्रथिनावर फॉस्फेट बसवतं. रेणू घाल, पेशी फोड, वेस्टर्न ब्लॉट कर, फॉस्फेटवाल्या सीआरकेएलची पट्टी फिकी पडली का बघ. एटीपी पेशीचंच, एबल पूर्ण लांबीचं, शेजारीपाजारी सगळे जागच्या जागी.

एन्झाइमवाला: आणि पट्टी फिकी पडली की एबल अडलं? पेशी मरायला लागल्या तरी पट्टी फिकी पडते. त्याला सांभाळणारं एचएसपी९० हे प्रथिन अडलं तर बीसीआर-एबल पेशीतून नाहीसंच होतं, तरीही पट्टी फिकी पडते. कर्क्यूमिन शंभर ठिकाणी हात घालतं. तुझ्या पट्टीत त्यातला कुठला हात दिसणार?

पेशीवाली: म्हणून सीआरकेएल एकूण किती, एबल एकूण किती, याच्या पट्ट्या शेजारी लावायच्या. रेणू घालून तासा-दोन तासांत पेशी काढायच्या, दोन दिवसांनी नाही. आणि दुसऱ्या बाजूनं उंदराच्या बीए/एफ३ पेशी. त्यांना जगायला आयएल-३ नावाचं संदेशप्रथिन लागतं. त्यांच्यात बीसीआर-एबल घातलं की आयएल-३ वाचूनही जगतात. तुझा रेणू खरंच एबलला अडवत असेल, तर आयएल-३ नसताना त्या मरतील आणि आयएल-३ घातल्यावर वाचतील. दोन्हीकडे मेल्या, तर ते नुसतं विष आहे. याहून स्वच्छ प्रश्न तुझ्या प्लेटमध्ये विचारून दाखव.

हा प्रयोग मला फार आवडतो. पेशी तीच, रेणू तोच, बदलतो फक्त तिच्या जगण्याचा आधार. एन्झाइमवाल्यानंही मान हलवली, पण तेवढ्यावर थांबेल तर तो कसला.

एन्झाइमवाला: स्वच्छ आहे, मान्य. पण पेशीत काही दिसलं नाही तर? आत शिरलं नाही, तुटलं, बाहेर फेकलं गेलं, की एबलला अडवतच नाही? 'नाही' या उत्तराचा अर्थ तुला लावता येणार नाही. मला येतो.

पेशीवाली: आणि तुझ्या 'हो' या उत्तराचा अर्थ तुला लावता येत नाही. रॅफ हे कायनेज आठव. वेम्युराफेनिब शुद्ध बी-रॅफला मस्त अडवतं. मेलॅनोमातलं बदललेलं बी-रॅफ तर पेशीतही अडवतं. २०११ मध्ये त्याला मंजुरी मिळाली. पण ज्या पेशीत बी-रॅफ शाबूत आहे आणि त्याच्या आधीच्या पायरीवरचं रॅस बिघडलंय, तिथे त्याच जातीचे रेणू घातले की पुढचा संदेश कमी होण्याऐवजी वाढतो. २०१० मध्ये वेगवेगळ्या गटांनी हे दाखवलं. काही रुग्णांच्या त्वचेवर दुसरेच कॅन्सर उगवले ते यातूनच. शुद्ध एन्झाइमची कुठली प्लेट हे आधी सांगणार होती?

एन्झाइमवाला: माझी नाही सांगणार. पण का वाढतो हे कशानं कळलं? रॅफ जोडीनं काम करतं, जोडीतल्या एकाला रेणूनं धरलं की दुसरं चेततं. हे शुद्ध प्रथिनं आणि स्फटिक हातात होते म्हणून उलगडलं.

पेशीवाली: नंतर उलगडलं. आधी माझ्या पेशींनी दाखवलं.

एन्झाइमवाला: दाखवलं. पण त्या पेशींत तो रेणू आला कुठून? माझ्यासारख्यांच्या प्लेटमधून निवडून.

या वादाला शेवट नाही, हे आम्हा तिघांनाही माहीत आहे. निदान कर्क्यूमिनपुरती क्रमाच्या बाबतीत मी एन्झाइमवाल्याच्या बाजूची आहे. जो रेणू रंगीत आहे, गोळे करतो, धातूंना धरतो आणि अर्ध्या तासात तुटतो, त्याला आधी जिथे एकेक खोड वेगळी काढता येते तिथेच बसवायला हवं. उलट रॅफसारखं जोडीदारावर अवलंबून असलेलं कायनेज असतं, तर मी हिला पहिल्या दिवशीच पेशींकडे पाठवलं असतं.

विद्यार्थिनी: सर, कर्क्यूमिन टिकत नाही असं मॅडम म्हणाल्या, मग प्लेटमध्ये घ्यायचंच कसं?

एन्झाइमवाला: वेळ कमी कर, दहा मिनिटांत उरक. एन्झाइम जरा वाढवावं लागेल, पण बेतानं. एबल जितकं घालशील त्याच्या निम्म्याखालचा आयसी५० तुला दिसूच शकत नाही. कर्क्यूमिनच्या बाबतीत ती भीती नाही म्हणा, ते कुठे नॅनोमोलरला चालणार आहे. आणि जोडीला एक वेगळं भांडं: कर्क्यूमिन बफरमध्ये तासभर आधीच ठेवलेलं. ताजं आणि शिळं सारखंच अडवत असेल, तर अडवणारं कर्क्यूमिन नाही.

पेशीवाली: हे छान सुचलं. आणि बाटलीवरचं लेबल वाच. बाजारात कर्क्यूमिन म्हणून मिळतं त्यात साधारण तीन चतुर्थांशच कर्क्यूमिन असतं, बाकीची त्याची भावंडं.

विद्यार्थिनी: आणि ट्रायटन घातल्यावर काहीच उरलं नाही, तर पेशी करायच्याच नाहीत?

एन्झाइमवाला: नाहीत.

पेशीवाली: करायच्या. पेशीत ते बदलून दुसरंच काही बनत असेल.

एन्झाइमवाला: मग प्रश्न बदल. 'कर्क्यूमिन एबलला अडवतं का' हा प्रश्न तिथे संपला. 'के५६२ पेशींचं ते काय करतं' हा दुसरा प्रकल्प, दुसऱ्या वर्षी, दुसऱ्या कोणीतरी करावा.

पेशीवाली: निदान ब्लॉट तरी बसवू दे हिला. सीआरकेएलची पट्टी पहिल्या खेपेला कोणाची नीट येत नाही.

एन्झाइमवाला: बसव. इमॅटिनिबवर बसव. अगं, ऐक, मागणीपत्र लिहिताना इमॅटिनिब सगळ्यात वर लिही. कर्क्यूमिन महिनाभर उशिरा आलं तरी काही बिघडत नाही.

पेशीवाली: हे पटलं. दोन बाटल्या मागव, एक माझ्या फ्रीझरमध्ये राहील.